चीटर नेटने अडत नाही, सर्व्हरने अडतो

डोंबिवलीच्या एका छोट्या टीमने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही चौघे मिळून पीसी आणि मोबाइलसाठी एक ॲक्शन गेम करतोय. कथेचा भाग एकट्याने किंवा दोघातिघा मित्रांनी मिळून खेळता येतो, आणि रँक्ड मोड (क्रमवारीसाठी इतरांशी लढायचा) वेगळा आहे. शस्त्रं आणि चिलखतं मात्र दोन्हीकडे एकच. पब्लिशरचं म्हणणं आहे की अख्खा गेम कायम ऑनलाइन ठेवा, म्हणजे चीटिंगचा प्रश्नच मिटेल. आमच्यातल्या दोघांना ते पटत नाही, कारण टेस्टिंगच्या वेळी लोकलमध्ये किंवा पावसात नेट गेलं की एकटा खेळणाराही बाहेर फेकला जातो. काय करावं?"

मी बरीच वर्षं मुंबईत मल्टिप्लेअर गेमच्या नेटवर्कचं आणि सर्व्हरचं काम करतोय आणि हा वाद जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ऐकला आहे. तुमच्या त्या दोघांचं बरोबर आहे. पण पब्लिशरचं म्हणणंही पूर्ण निराधार नाही, आणि त्याला तो आधार तुम्हीच दिलात. तुमच्या प्रश्नातलं खरं वाक्य आहे "शस्त्रं आणि चिलखतं दोन्हीकडे एकच". कथेत मिळालेली तलवार रँक्डमध्ये चालणार असेल, तर ती कथेत कशी मिळाली याची चौकशी करायला सर्व्हर तिथे हजर असावाच लागतो. म्हणजे ऑनलाइनची सक्ती हा चीटिंगवरचा उपाय म्हणून नंतर आलेला नाही, ती तुमच्या डिझाइनमधूनच आली आहे.

आधी एक घोळ दूर करू. क्लायंट (खेळाडूच्या मशीनवर चालणारा गेम) सर्व्हरला जोडलेला असणं ही एक गोष्ट, आणि गेममधलं खरं-खोटं सर्व्हरने ठरवणं ही दुसरी. चीटिंग रोखायला दुसरी गोष्ट लागते. पहिली असून दुसरी नसलेले कितीतरी गेम आहेत. समजा तुमचा क्लायंट सर्व्हरला कळवतो, "मी समोरच्याला १२० डॅमेज दिला." सर्व्हर ते ऐकून समोरच्याचे १२० वजा करतो. हा गेम चोवीस तास ऑनलाइन असला तरी १२० च्या जागी ९९९९ लिहिणाऱ्याला काहीच अडवत नाही. याउलट क्लायंट फक्त एवढंच सांगतो, "अमुक टिकला (सर्व्हरच्या घड्याळाच्या ठोक्याला), अमुक दिशेला तोंड असताना मी ट्रिगर दाबला." मग बंदूक हातात होती का, गोळ्या शिल्लक होत्या का, मध्ये भिंत होती का, डॅमेज किती, हे सगळं सर्व्हर स्वतः काढतो. इथे खोटं बोलायला जागाच फार कमी उरते. तुमचा कोड यातला कुठला आहे ते आज रात्रीच उघडून बघा. पब्लिशरशी काय बोलायचं ते त्यावर ठरेल.

या क्षेत्रात हा धडा फार जुना आहे. ब्लिझार्ड कंपनीच्या, १९९६ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या डायाब्लो गेममध्ये पात्र खेळाडूच्याच मशीनवर सेव्ह व्हायचं. ट्रेनर (चालू गेममधले आकडे बदलणारा प्रोग्रॅम) चालवून कुणीही हवं ते शस्त्र बनवायचं, आणि अनोळखी लोकांबरोबर खेळण्यात अर्थच उरला नाही. २००० साली डायाब्लो २ मध्ये ब्लिझार्डने दोन वेगळी दालनं केली. एकात पात्र तुमच्या मशीनवर, ते तुम्ही ऑफलाइनही वापरा आणि मित्रांबरोबरही, आम्ही हमी देत नाही. दुसऱ्यात पात्र आमच्या सर्व्हरवर, ते ऑफलाइन चालणार नाही. वस्तूंच्या नकला काढणाऱ्या पळवाटा दुसऱ्या दालनातही सापडल्या, तरी ही विभागणी मला आजही उत्तम वाटते, कारण खेळाडूला दाराशीच कळतं की आपण कुठल्या नियमांच्या घरात शिरतोय.

मग १५ मे २०१२ ला डायाब्लो ३ आला आणि पीसीवरचं पहिलं दालनच काढून टाकलं. एकट्याने खेळायचं तरी सर्व्हर हवाच. पहिल्या दिवशी लाखो लोकांनी पैसे मोजून 'एरर ३७' पाहिला. गेममध्ये लवकरच खऱ्या पैशांत वस्तू विकण्याचा लिलाव सुरू व्हायचा होता, म्हणून प्रत्येक वस्तू सर्व्हरवर ठेवण्याला निदान कारण होतं. १८ मार्च २०१४ ला तो लिलाव बंद झाला, पण सक्ती राहिली. आणि चीटिंग? वस्तू बनवणं जवळपास थांबलं, हे मान्य करायला हवं. २०१३ मध्ये कन्सोलवर आलेल्या ऑफलाइन आवृत्तीत बनावट शस्त्रांचा सुळसुळाट झाला, त्याच्याशी तुलना केली की फरक स्पष्ट दिसतो. पण पीसीवर बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्रॅम) चालतच राहिले, आणि मेमरी वाचून नकाशावरच्या लपलेल्या गोष्टी दाखवणारी साधनंही चालत राहिली. एका जातीचं चीटिंग गेलं, दुसऱ्या जातींना धक्का लागला नाही.

म्हणूनच "चीटिंग" असं एकत्र बोलू नका. तुमच्या गेमला तीन वेगळ्या गोष्टींचा धोका आहे आणि तिघींची औषधं वेगळी आहेत.

पहिली, साठवलेल्या माहितीत फेरफार: नाणी, वस्तू, लेव्हल. युनिटी या गेम बनवायच्या साधनात नवखी टीम ही माहिती सर्रास प्लेअरप्रेफ्स या सेटिंग साठवायच्या जागेत टाकते आणि अँड्रॉइडवर ती साध्या एक्सएमएल फाइलमध्ये जाते. रूट केलेल्या (सगळे अधिकार मोकळे केलेल्या) फोनवर कुणीही ती उघडून आकडा बदलतो. फाइल एन्क्रिप्ट केली तरी किल्ली तुमच्याच ॲपमध्ये असते, त्यामुळे फार तर थोडा वेळ मिळतो. ही माहिती सर्व्हरवर ठेवणं हाच खरा उपाय. पब्लिशरचं म्हणणं इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

दुसरी, जास्तीची माहिती पाहणं: वॉलहॅक (भिंतीपलीकडचं दिसणं), मॅपहॅक (नकाशावरचं लपलेलं दिसणं). क्लायंटकडे जे पोचलं ते लपवता येत नाही. एज ऑफ एम्पायर्ससारख्या जुन्या स्ट्रॅटेजी गेममध्ये प्रत्येक मशीन अख्खं जग स्वतः चालवतं आणि एकमेकांना फक्त हुकूम पाठवतं. त्या काळच्या मोडेमवर दुसरा मार्गही नव्हता. पण त्यामुळे शत्रूचं सैन्य कुठे आहे हे प्रत्येकाच्या मेमरीत असतंच, फक्त पडद्यावर काळोख असतो. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमने २०२० मध्ये याच्या उलट केलं: शत्रू दिसण्याच्या बेताला येईपर्यंत सर्व्हर त्याची जागाच पाठवत नाही. जे आलंच नाही ते हॅक काय दाखवणार? छोट्या टीमलाही हे जमतं. नकाशाचे विभाग पाडा, कुठल्या विभागातून कुठला दिसतो याचा तक्ता आधीच काढून ठेवा, आणि न दिसणाऱ्या विभागातल्या खेळाडूंची जागा पाठवूच नका. सुरुवातीला एवढं पुरे.

तिसरी, एमबॉट, म्हणजे आपोआप नेम धरून देणारा प्रोग्रॅम. इथे सर्व्हरकडे येणारं प्रत्येक पॅकेट (नेटवरून येणारं माहितीचं छोटं पुडकं) नियमात बसतं. दिशा वैध, वेळ वैध, गोळी वैध. फक्त नेम माणसाचा नाही. यावर ऑनलाइन असण्याचा काडीचा उपयोग नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमच्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघातल्या एका खेळाडूच्या मशीनवर चालू सामन्यात नेम धरून देणारा प्रोग्रॅम सापडला. फाइलचं नाव 'वर्ड डॉट ईएक्सई'. मंच, पंच, प्रेक्षक, आयोजकांची यंत्रणा, सगळं समोर असताना. भारतीय काउंटर-स्ट्राइकचं त्या एका दिवसाने किती नुकसान केलं, हे इथल्या कॅफेंमध्ये रात्री जागून सराव करणारी पोरं आजही सांगतील. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावरही संशय आला, टीम फुटली. चीटिंगला मी किरकोळ मानत नाही ते याचसाठी.

एमबॉटसाठी क्लायंटवर पहारा लागतो आणि सामन्यांच्या नोंदींवर नजर लागते. पहाऱ्याच्या बाबतीत तुमच्यासारख्यांना माझा सल्ला ठाम आहे: स्वतःचा कर्नल ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, पूर्ण अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम) लिहू नका. २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ च्या अपडेटबरोबर आलेल्या कॅपकॉमच्या ड्रायव्हरमुळे कुठलाही प्रोग्रॅम थेट कर्नलमध्ये आपला कोड चालवू शकत होता. तो घाईघाईने मागे घ्यावा लागला. गेन्शिन इम्पॅक्टचा अँटी-चीट ड्रायव्हर २०२२ मध्ये रॅन्समवेअरवाल्यांनी (मशीन कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी) अँटीव्हायरस बंद पाडायला वापरल्याचं उघड झालं, आणि त्यासाठी बळीच्या मशीनवर तो गेम असण्याचीही गरज नव्हती. मोठ्या कंपन्यांकडून हे झालं. चौघांनी एपिक कंपनीच्या ऑनलाइन सर्व्हिसेसमध्ये फुकट मिळणारं ईझी अँटी-चीट घ्यावं, तेही फक्त रँक्डपुरतं, आणि स्वतःचा वेळ सर्व्हरवर घालवावा.

आता लोकलचा मुद्दा, कारण इथेच प्रामाणिक खेळाडू सगळ्यात जास्त भरडला जातो. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या खेळाडूचा फोन वाटेत सतत टॉवर बदलत असतो. समजा तुमचा सर्व्हर सेकंदाला २० टिक चालतो, म्हणजे एक टिक ५० मिलिसेकंदांची. पात्र सेकंदाला ६ मीटर धावतं, म्हणजे एका टिकला ३० सेंटिमीटर. टॉवर बदलताना ४०० मिलिसेकंद काहीच आलं नाही आणि मग आठ पॅकेट एकदम आली. सर्व्हरच्या नजरेत तो माणूस एका टिकमध्ये २ मीटर ४० सेंटिमीटर सरकला. "एका टिकमध्ये ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त म्हणजे स्पीडहॅक" असा नियम लिहिला असेल, तर जोगेश्वरीच्या अलीकडे त्याचा आयडी बॅन. असे बॅन मी लॉगमध्ये पाहिले आहेत. त्या खेळाडूने दाद कुठे मागायची?

बरोबर रीत अशी: अंतर मोजू नका, वेळेचा हिशेब ठेवा. प्रत्येक खेळाडूच्या नावावर वेळेचं खातं उघडा. घड्याळ पुढे सरकेल तसा वेळ जमा होतो, आणि त्याची प्रत्येक हालचाल त्यातून ५० मिलिसेकंद खर्च करते. लोकलमधल्या माणसाच्या खात्यात ४०० मिलिसेकंद साठले, आठ हालचालींनी ते खर्च झाले, हिशेब चोख. स्वतःचं घड्याळ दीडपट पळवणारा मात्र सेकंदाला २० ऐवजी ३० हालचाली पाठवतो. त्याचं खातं लगेच रिकामं होतं आणि जास्तीच्या दहा हालचाली नाकारल्या जातात. आता यात एक खाच आहे. काही जण मुद्दाम नेट अडवून धरतात आणि मग एकदम सोडतात, ज्याला लॅग स्विच म्हणतात. म्हणून खात्याला वरची मर्यादा घाला, समजा २५० मिलिसेकंद. मग त्या आठांपैकी पाचच हालचाली मान्य होतील आणि लोकलमधला खेळाडू थोडा मागे ओढला जाईल. त्याला ते जाणवेल, चिडचिडही होईल, पण त्याला कुणी चोर म्हणणार नाही. चूक सुधारणं आणि शिक्षा करणं हे कोडमध्ये वेगळं ठेवा. सर्व्हरने जागच्या जागी फक्त सुधारावं. शिक्षा नंतर, अनेक सामन्यांच्या नोंदी पाहून, आणि शेवटचा निर्णय माणसाने घ्यावा.

सर्व्हर मुंबईतच ठेवा, यावर फार बोलायला नको. सिंगापूर इथून साधारण ३,९०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद निसर्गाच्या नियमानेच लागतात, आणि प्रत्यक्षात ६० च्या वर जातात. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं मुंबईत आहेत, ॲमेझॉनचं तर २०१६ पासून. जास्त पिंगला (संदेश जाऊन यायच्या वेळेला) सांभाळून घ्यायला जितकी सूट द्याल तितकी चीटरलाही मिळते.

आता पब्लिशरच्या मूळ म्हणण्याकडे येतो. एकट्याने खेळायच्या भागाला सक्ती केली की काय होतं, याची उदाहरणं समोर आहेत. मार्च २०१३ च्या सिमसिटी या शहर उभारायच्या गेमबद्दल सांगितलं गेलं की महत्त्वाची आकडेमोड सर्व्हरवर होते, ऑफलाइन शक्यच नाही. थोड्याच दिवसांत एका मॉडरने (गेमच्या कोडमध्ये बदल करणाऱ्या हौशी माणसाने) सर्व्हरशिवाय शहर चालवून दाखवलं, आणि वर्षभराने कंपनीनेच ऑफलाइन मोड दिला. ग्रॅन टुरिस्मो ७ या रेसिंग गेमचे प्रमुख काझुनोरी यामाउची यांनी सांगितलं होतं की सेव्ह डेटातली फेरफार रोखण्यासाठी ऑनलाइन लागतं. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर सर्व्हर ३० तासांहून जास्त बंद राहिले आणि विकत घेतलेल्या त्या गेमचा बहुतेक भाग कुणालाही खेळता आला नाही, एकट्यालाही. तिथे सेव्ह जपण्यामागे गेममधल्या पैशांची विक्री होती, हे लक्षात घ्या. तुमचा पब्लिशर "चीटिंग" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पायरसी किंवा इन-ॲप खरेदीची काळजी असू शकते. ती काळजी खोटी नाही, पण तिच्यावरची चर्चा तिच्याच नावाने व्हावी. तसं त्याला थेट विचारा.

आणि शेवट काय होतो? द क्रू हा २०१४ चा रेसिंग गेम. एकट्याने अमेरिकाभर गाडी हाकत फिरता यायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पैसे देऊन घेतला होता त्यांच्या हातात चालणारं काहीच उरलं नाही. त्यातूनच रॉस स्कॉट यांची 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली, आणि युरोपीय संघातल्या या मोहिमेच्या अर्जावर २०२५ मध्ये १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. उलट नॉकआउट सिटीच्या टीमने जून २०२३ मध्ये सर्व्हर बंद करताना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती लोकांना देऊन टाकली. तो तर पूर्णपणे मल्टिप्लेअर गेम होता. त्यांना जमलं, तर तुम्हाला न जमायला काही कारण नाही, फक्त ते पहिल्या दिवसापासून मनात धरायला हवं.

तर तुमच्या गेमसाठी मी असं करेन. रँक्डमध्ये कथेतली ताकद नेऊच नका. तिथे सगळ्यांना सारखी शस्त्रं द्या, आणि कथेतून फक्त रंग, कपडे, नक्षी न्या. एवढं केलं की कथेची सेव्ह फाइल कुणी बदलली तरी रँक्डमधल्या कुणाचंच नुकसान होत नाही, आणि कथेला ऑनलाइन ठेवण्याचं मुख्य कारणच संपतं. एखाद्याने स्वतःच्या घरी, स्वतःच्या कथेत नायकाला अमर करून घेतला तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. मुलं असलेला, रात्री अर्धा तास मिळणारा माणूस असंच खेळतो आणि त्याला आनंद मिळतो.

डिझायनरला हे मान्य नसेल, ताकद न्यायचीच असेल, तर डायाब्लो २ ची वाट धरा. ऑफलाइन पात्रं वेगळी, सर्व्हरवरची वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये लास्ट इपॉक या गेमने हेच केलं. सर्व्हरवरचं पात्र ऑफलाइनमध्ये कॉपी करायला परवानगी द्या, उलट दिशेने कधीही नाही. पात्र बनवतानाच ठळक मराठीत आणि हिंदीत सांगा, नाहीतर महिनाभर खेळून झाल्यावर कळलेला माणूस तुम्हाला माफ करणार नाही.

मित्रांबरोबरच्या कथेला सर्व्हरची सत्ता नको, पण नेट लागेल. भारतात मोबाइल नेटवर हजारो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे दोन फोन एकमेकांना थेट जोडले जातीलच असं नाही. मधला रिले (दोघांचे संदेश इकडून तिकडे पोचवणारा सर्व्हर) घ्या. त्याने खेळाडूंचे आयपी पत्तेही एकमेकांपासून झाकले जातात. होस्ट झालेल्या, म्हणजे ज्याच्या मशीनवर खेळ चालतो त्या मित्राने फसवलं तर ते मित्र बघून घेतील. अनोळखी माणसं एकत्र आणणारी लॉबी मात्र फक्त सर्व्हरवरच्या पात्रांसाठी ठेवा.

सर्व्हरवरचं पात्र घेऊन कुणी एकटाच खेळत असेल आणि नेट गेलं, तर सर्व्हरने त्याची खोली काही मिनिटं गोठवून ठेवावी. डायाब्लो ३ च्या हार्डकोअर मोडमध्ये, जिथे मेलेलं पात्र परत येत नाही, नेट तुटल्यावरही पात्र काही सेकंद जगात उभं राहायचं आणि तेवढ्यात मरायचं. चार जण एकत्र असताना तो नियम योग्य, नाहीतर हरायला लागलं की प्रत्येक जण वायफाय बंद करेल. एकट्याला तो लावणं मला क्रूर वाटतं. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती, त्या सकाळी पात्र गमावणाऱ्याचा दोष काय?

ऑफलाइन खेळातल्या स्कोअरचं लीडरबोर्ड हवं असेल तर स्कोअर पाठवू नका. सुरुवातीचं सीड (गेममधले योगायोग ज्यातून ठरतात तो आकडा) आणि खेळाडूने दाबलेल्या बटणांची नोंद पाठवा. सर्व्हर तीच धाव पुन्हा चालवून स्कोअर स्वतः काढेल. अट एकच, तुमचं सिम्युलेशन प्रत्येक मशीनवर तंतोतंत सारखं चाललं पाहिजे. फोनचा आणि पीसीचा प्रोसेसर वेगळा असल्याने दशांश आकड्यांत फरक पडतो, म्हणून पूर्णांकांवर आधारित फिक्स्ड-पॉइंट गणित वापरा. हे नंतर बसवणं फार अवघड जातं.

पब्लिशरच्या मीटिंगला जाण्यापूर्वी विंडोजवर क्लम्झी किंवा लिनक्सवर नेटेम (मुद्दाम नेट बिघडवून दाखवणारी साधनं) लावून तुमचा सध्याचा बिल्ड दोन टक्के पॅकेट गळती, ८० ते २५० मिलिसेकंदांमध्ये हेलकावणारी पिंग आणि मधूनमधून ४०० मिलिसेकंदांची शांतता अशा स्थितीत चालवा, आणि त्याचं रेकॉर्डिंग सोबत न्या. करारात एक कलम आताच घाला: सर्व्हर बंद करण्याआधी कथा ऑफलाइन चालेल असं शेवटचं अपडेट देणं बंधनकारक, आणि ते बनवण्याचा खर्च कुणाचा हेही लिहून. गेम निघाल्यावर हे कलम कुणी घालू देत नाही.